गच्चीवरचा डबा

२४ नोव्हेंबर

सापडल्या! खिडक्या! रेल्वेच्या खिडक्या!

शहराबाहेर चिनहटला भंगारवाल्याकडे गेलो होतो बिजागऱ्या बघायला. तिथे भिंतीला टेकून ओळीने उभ्या – आपल्या एसी डब्याच्या खिडक्या, चौकटीसकट, एकीलाही तडा नाही! लिलावात उचलल्या म्हणे. धुळीने माखल्या होत्या तरी लांबूनच ओळखल्या. रेल्वेच्या टेस्टिंगमधली अख्खी नोकरी याच काचांवर गोळे टाकून, त्यांना उकळत्या पाण्यात बुडवून, तापवून, गारठवून तपासण्यात गेली. सासरी गेलेल्या पोरी बाजारात भेटाव्यात तसं झालं. भंगारवाला म्हणाला, "बाबूजी, रो रहे हैं क्या?" म्हटलं, "धूल है भैया, धूल."

आणि तिथेच उभ्या उभ्या सुचलं. गच्चीवर काचेची खोली! वारा बाहेर, ऊन आत, आणि उन्हात आमची मैत्रेयी! टेम्पोत घालूनच आणल्या. शाबास दीनानाथ!

आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. सुचित्रा आणि मैत्रेयी एकमेकींकडे बघत होत्या. बघू देत. कामाला लागलेल्या माणसाला भूक लागणारच.

२५ नोव्हेंबर

आनंदाच्या भरात काल अर्धंच लिहिलं. आज नीट मांडतो.

सप्टेंबरात मैत्रेयीच्या डाव्या डोळ्यासमोर धुकं आलं. बँकेत नोटा मोजताना. सत्तावीस वर्षांची पोर! डोळा औषधांनी सुधारला, तोवर पायांना मुंग्या. एमआरआय. मल्टिपल स्क्लेरोसिस. म्हणजे शरीराचे पहारेकरीच घरच्या वायरींचं इन्सुलेशन कुरतडत बसतात. का, ते कुणालाच पक्कं माहीत नाही.

डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी – नऊ! निदान तीस हवं. त्या म्हणाल्या, ज्यांचं डी कमी त्यांच्यात हा आजार जास्त दिसतो, तेव्हा हे आधी भरून काढू. एवढं मी कान देऊन ऐकलं. पुढचंही म्हणाल्या: "लेकिन भाईसाहब, विटामिन डी दवा की जगह नहीं लेगा. असली दवा ड्रिप है. देर मत कीजिए, हर अटैक कुछ न कुछ छोड़ जाता है."

घरी येऊन त्या ड्रिपचे दुष्परिणाम शेवटपर्यंत वाचले. वाचायला नको होते. माझ्या पोरीच्या अंगात ते घालायचं? म्हटलं, मार्चपर्यंत थांबू. आधी ऊन. मार्चला पुन्हा एमआरआय, मग बघू. मैत्रेयी म्हणाली, "ठीक है, पापा." गुणी पोर! सुचित्राने डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून कपाटात ठेवली. वाद न घालता! असं आमच्या संसारात दुसऱ्यांदाच झालं.

ऊन फुकट आहे, देवाचं आहे आणि त्याला दुष्परिणाम नाहीत. हरायची गोष्टच नको.

३ डिसेंबर

सांगाडा उभा! लोखंडी अँगल, दक्षिणेकडे तोंड, छतालासुद्धा खिडक्याच. शेजारचे मिश्राजी गच्चीवरून विचारतात, "दीनानाथ जी, ग्रीनहाउस बना रहे हैं? टमाटर लगाएँगे?" म्हटलं, "बिटिया उगाएँगे!" हसून हसून त्यांचा चहा सांडला.

सुचित्रा: "मिरजेहून निघताना आई म्हणाली होती, रेल्वेवाला नवरा घरी कमी असतो. हा रेल्वेच घरी घेऊन आला!"

६ डिसेंबर

मैत्रेयी दोन दिवस तेलीबागला, विभाकडे. मैत्रीण नवीन घरात राहायला गेली आहे, सामान लावायला मदत हवी. जा बाई. तोवर मी फटी बुजवतो.

८ डिसेंबर

उद्घाटन! रिबन कापली (सुचित्राच्या ब्लाउजची लेस – शिव्या खाल्ल्या). आत वेताची खुर्ची, भाजलेल्या शेंगा, हिरव्या मिरचीचं मीठ, पेरू. बाहेर मिश्राजी शाल-मफलरमध्ये कुडकुडतायत आणि आत आमची राणी अर्ध्या बाह्यांत! मी बाहेरून टकटक केली तर म्हणते, "टिकट दिखाइए!" मग मला आत घेतलं, वर म्हणाली, "पापा, चेन मत खींचना."

किती दिवसांनी हसली ती! मी जिना उतरताना चक्क शीळ घातली. अंगात वारं शिरल्यासारखं झालंय.

उजव्या हाताच्या पंजावर चिकटपट्टी होती. विभाकडे तव्याला हात लागला म्हणे. मलम लाव म्हटलं.

१५ डिसेंबर

नियम बसला. सुट्टी असेल तेव्हा दुपारभर, बँक असेल तेव्हा जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन थोडा वेळ. एकदाही कुरकुर नाही. मी समोर बसून कोडी सोडवतो. काल डुलकी लागली. जागा झालो तर तिने माझ्या डोक्यावर ओढणी टाकलेली. "आप टैन हो रहे थे."

२० डिसेंबर

पुन्हा तेलीबाग. या विभाचं सामान संपतं की नाही?

२२ डिसेंबर

परत चिकटपट्टी! या वेळी डाव्या पंजावर! म्हटलं, विभाला सांग, चिमटा विकत घे. मैत्रेयी इतकी हसली की सुचित्रा स्वयंपाकघरातून धावत आली. मग तीही हसली. काय एवढं हसण्यासारखं होतं कोण जाणे, पण मीही हसलो. तिघं वेड्यासारखे!

२ जानेवारी

धुकं.

५ जानेवारी

धुकं. मिश्राजींची गच्ची दिसत नाही, मिश्राजींची फक्त शिंक ऐकू येते. मैत्रेयी तरीही जाऊन बसली. "टाइम टेबल का पालन होना चाहिए." मी चहा नेला. धुक्यात दोघं बसून राहिलो. गाडी आउटर सिग्नलला उभी असल्यासारखी. छान वाटलं. का ते सांगता येणार नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. काय ऊन पडलं! मी खूश, तीळगूळ घेऊन वर गेलो. आणि मैत्रेयी म्हणाली, "पापा... लेफ्ट आय."

धुकं. डोळ्यात पुन्हा.

ताट कुठे पडलं कळलं नाही. खिडकी उघडायला गेलो – एसी डब्याची खिडकी उघडते होय! माझ्याच छातीवर बुक्के मारावेसे वाटले. सुचित्राने तिला ओढत खाली नेलं, गार पाण्याचे हबके, ओल्या टॉवेलने मान पुसली. डॉक्टर मॅडमना फोन. म्हणाल्या, अंग तापलं की या आजारात असं होतं, नवा अटॅक असेलच असं नाही, थंड ठेवा, दिवसभरात निवळलं नाही तर आणा. पोरीने चहा प्यायला, आणि निवळला डोळा! अगदी स्वच्छ! लगेच म्हणते, "पापा, आपके कुर्ते पे तिल लगा है."

देवा. उद्या एक पंखा आणि आणखी एक दार.

९ फेब्रुवारी

अडतीस! अडतीस!! नऊवरून अडतीस!!!

रिपोर्ट हातात आला तेव्हा लॅबच्या पायऱ्यांवरच उडी मारली. वय चौसष्ट. येताना मिठाईच्या दुकानातून इमरत्या घेतल्या, अख्ख्या गल्लीत वाटल्या. मिश्राजी म्हणाले, "कमाल है, हमारे घुटनों के लिए भी एक डिब्बा बनवा दीजिए!" मोजमाप घेऊन आलो त्यांच्या गच्चीचं. संध्याकाळी गॅसवर दूध उतू गेलं तरी सुचित्रा रागावली नाही. मैत्रेयीला उचलून गिरकी मारणार होतो, कंबरेने नकार दिला. मग तिनेच माझे दोन्ही हात धरून गोल फिरवलं. पाय पक्के पडत होते तिचे! पक्के!

मी आता मार्चला घाबरत नाही. येऊ दे एमआरआय.

१५ फेब्रुवारी

शशिकांत आला होता. टेस्टिंगला माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा तोच. मोठ्या तोऱ्यात त्याला डब्यात बसवलं, रिपोर्ट दाखवला. तो काचेवर टिचक्या मारत बसला. मग विचारलं, "दिन्या, डी कशाने बनतं?"

"उन्हाने."

"उन्हातल्या कशाने?"

"अल्ट्राव्हायोलेटने."

"आणि ही काच अल्ट्राव्हायोलेट अडवते, म्हणून कुणी पास केली होती?"

मी! मीच! पडदे आणि सीटची कापडं विटतात म्हणून तो नियम मीच लढून घालून घेतला होता! साधी काचसुद्धा कामाचे किरण आत सोडत नाही, ही तर दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पदर घातलेली! अख्खा हिवाळा माझ्या पोरीला मी उन्हाचं नुसतं चित्र दाखवलं! शशिकांत हसून हसून खोकायला लागला. मीही हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मग अडतीस कुठून आले?

सुचित्रा कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "दर रविवारी दुधातून व्हिटॅमिनची पुडी देतेय. डॉक्टरांनी तेव्हाच लिहून दिली होती. तुम्ही ते सोडून बाकी सगळं वाचलंत."

तेव्हा हसू थांबलं. पुडीने डी वाढलं. ठीक. पण डी म्हणजे औषध नव्हे, असं मॅडम सांगत होत्या. आणि माझ्या उन्हाने तर काहीच केलं नाही. शून्य. म्हणजे नोव्हेंबरपासून माझी पोर औषधाविना. माझ्यामुळे. ते पहारेकरी इतके महिने कुरतडत असतील तर?

मैत्रेयी बँकेतून आली तशी दारातच सांगितलं. बाळा, चुकलो. मार्च नाही, काही नाही, उद्या ड्रिप, मी स्वतः नेतो. ती बूट काढत बसली. सुचित्राने हातातली कणीक तशीच ठेवली.

१६ फेब्रुवारी

ड्रिप झालीय. डिसेंबरातच. दोन्ही डोस. पुढचा जूनमध्ये. इस्पितळ तेलीबागच्या जरा पुढे आहे, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. चिकटपट्ट्या तव्याच्या नव्हत्या, सुईच्या होत्या. फक्त विचारलं, मग रोज त्या काचेत कशाला बसायचीस?

शब्द शोधत शोधत, मराठीत म्हणाली, "बाबा, सप्टेंबरपासून तुम्ही जेवत नव्हता. खिडक्या आणल्या, त्या दिवशी जेवलात."