दोराला तीन हिसके

तीर्थरूप बाबा,

नमस्कार, आणि आधीच सांगते, मी धडधाकट आहे.

शहरातल्या बघण्यासारख्या इमारती पाहिल्यास का, असं विचारलंत. सगळ्या पाहिल्या. घड्याळाचा मनोरा, काचेचा गोल टॉवर. पण बाहेरूनच, दोराला लटकून काचा पुसताना. आतले लोक माझेच फोटो काढतात!

पुढचं आईला वाचून दाखवू नका. गवंडीकामाला जाताना परांचीवर चढण्याआधी तुम्ही दोराला तीन हिसके द्यायचात, तसे मीही देते. सगळे हसायचे. सोमवारी चाळिसाव्या मजल्यावरच्या गच्चीत तिसऱ्या हिसक्याला दोर अडकवलेला आकडाच निघून हातात आला. मी अजून कठड्याच्या आतच होते, काळजी नको. आता अख्खी टोळी तीन हिसके देते. मुकादमाने विचारलं, “हे कोणी शिकवलं?” म्हटलं, “आणतेच त्यांना.”

तेव्हा ‘परत ये’ म्हणू नका. काम मी सोडणार नाही. आईचा गुडघा कसा आहे? बरा झाला की दोघंही या. टॉवरच्या पुढच्या दारातून मी अजून आत गेलेले नाही, आम्हा कामगारांना मागचं दार. तुमच्याबरोबरच जाईन, लिफ्टने.

लिफ्टचा दोर दिसत नाही, बाबा. हिसका द्यावासा वाटलाच, तर माझ्या हाताला द्या.

तुमची थोरली