दोन नंबरची टाकी

३ मे
आज इंजिनिअर म्हणून रुजू झालो. जीन्स धुणारा कारखाना, खाडीला लागून. त्याचं निळं सांडपाणी साफ करणारा हा प्लान्ट अडतीस वर्षांचा आहे आणि मला तो आणखी दहा वर्षं चालवून दाखवायचा आहे. मालकांनी स्पष्टच सांगितलं, की नवा बांधायची ऐपत नाही आणि हा बंद पडला तर चारशे बायका घरी बसतील. मला जुनी यंत्रं आवडतात. मी खुशीत आहे.

फोरमन लझरकाका इथे सव्वीस वर्षं आहेत. त्यांनी हरिसा, म्हणजे लाल मिरचीची झणझणीत चटणी, फासलेली रोटी खाऊ घातली आणि प्लान्ट दाखवला. पंप, झडपा, गाळाचा वाफा, सगळं तारेनं नि टिनानं बांधून चालवलंय. दोन नंबरच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर नऊ वर्षांत एकदाही थांबवलेला नाही. त्याच्या बंद करायच्या बटणावर टिनाचा डबा बसवून वर तार आवळलीय. काका म्हणाले, साहेब, बायको रुसून माहेरी गेली तर आज ना उद्या येते, पण ही बया एकदा गप्प बसली ना, तर तुमच्या सात पिढ्या आल्या तरी उठायची नाही! खूप हसलो.

८ मे
तीन पंपांची सीलं बदलली. एक नंबरच्या टाकीतल्या पाण्याला वास आहे, पण दोन नंबरचं पाणी स्वच्छ. नोंदवही चाळली तर ऑक्टोबरपासून ते इतकं चांगलं येऊ लागलंय. कारण कळेना.

टाकीत पाणी सतत उकळल्यासारखं उसळत असतं. पण पूर्वेच्या भिंतीपाशी एक पट्टा अगदी शांत आहे, बुडबुडा नाही. साधारण माणसाच्या लांबीचा. खालची हवेची नळी तुंबली असणार. काकांना दाखवला तर त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, राहू द्या हो, काय अडलंय त्याच्यावाचून?

१२ मे
फाटकाबाहेर झोहरामावशी तव्यावरच्या गरम रोट्या विकते. तिचा मुलगा लमजद इथेच फिटर होता, चौतीस वर्षांचा. ऑक्टोबरात होडीनं समुद्र ओलांडून चोरून इटलीला पळाला म्हणतात. इथल्या प्रत्येक घरातला कुणी ना कुणी तसा गेलेला आहे, त्यामुळे कुणाला नवल नाही. फक्त त्याचा फोन आलेला नाही.

मी इटलीत, जेनोव्हात शिकलो हे तिला कुणीतरी सांगितलं. म्हणाली, बाळा, तुझी तिथे ओळख असेल, जरा विचार ना, मेल्याला आईची आठवण येते का म्हणून! विचारतो म्हणालो. काका चहा तसाच टाकून उठून गेले.

१५ मे
शांत पट्टा आता टाकीच्या मधोमध आहे. नळ्या तळाला पक्क्या बसवलेल्या असतात. तुंबलेली नळी जागा बदलत नाही.

काकांना कोपऱ्यात गाठलं. आधी चिडले, मग बोलले. ऑक्टोबरात टाकीवरच्या पुलाचा गंजलेला कठडा तुटला आणि लमजद आत पडला. हवा भरलेलं पाणी माणसाला तोलत नाही, पट्टीचा पोहणाराही सरळ तळाला जातो. ब्लोअर थांबवला असता तर तो वर आला असता. चौघे बटणापाशी उभे होते. काकांचा हात डब्यावर होता. ब्लोअर परत सुरू झाला नाही तर कारखाना गेला, असं सगळ्यांच्या मनात आलं आणि तोवर उशीर झाला. दुसऱ्या दिवशी मावशी विचारायला आली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, गेला असेल पलीकडे. तिनं लगेच विश्वास ठेवला.

त्याला आता तरी बाहेर काढा, म्हणालो. काका म्हणाले, थांबवा ब्लोअर आणि काढा की. बावीसला सरकारी तपासणी आहे, दहा वर्षांची परवानगी तुमच्याच सहीनं मागितलीय ना?

 मला लमजदच्या आधी माझा अर्ज आठवला. हे लिहितानाही लाज वाटते.

१८ मे
आज मावशीनं हात धरला. सांगायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं ते असं, की जेनोव्हातल्या मित्राला लमजद भेटला, भाजीबाजारात काम करतो, फोन हरवलाय, याच महिन्यात घरी येतो म्हणाला.

तिनं माझ्या हाताचा मुका घेतला. चार रोट्या दिल्या, पैसे घेतले नाहीत. गिळवेनात. अन्न फेकता येत नाही, म्हणून कुंपणावर ठेवून आलो. इतका हलकट मी कधीच नव्हतो.

२२ मे
तपासणी झाली. परवानगी मिळाली. मालकांनी केक कापला.

पट्टा आता टाकीत उतरायच्या शिडीला लागून आहे. साहेब लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते.

२४ मे
सकाळी पट्टा नाही. शिडीच्या दांड्यांवर निळं पाणी. पुलावर पावलांचे ओले ठसे, फाटकाकडे जाणारे. परत येणारे नाहीत.

तार तोडली. डबा उपटला. बटण दाबलं. परवानगी खिशात होती, ती गेली तरी चालेल म्हणून दाबलं — आता दाबून काय उपयोग. पाणी निवळलं. वर आला तो एक बूट. बाकी काही नाही.

काका ओरडत आले आणि सुरू करायचं बटण दाबलं. ब्लोअर पहिल्या झटक्यात सुरू झाला. साधा खोकलाही नाही.

काका जमिनीवर बसले. दोन्ही हातांनी तोंडात मारून घेत होते.

२५ मे
मावशी फाटकात, डोक्याला नवा रुमाल बांधून. लमजद आला म्हणाली. अंगावरून पाणी गळतंय, निळं. समुद्रातून आलाय, कोरडा कसा येईल, म्हणून मलाच हसली. जेवत नाही. तोंड उघडलं की नुसते बुडबुडे —

मला म्हणाली, तुझं नाव सांगितल्याबरोबर उठून बसला बघ! उद्या घेऊन येते, आभार मानायला.

तेव्हाही सांगितलं नाही. सांगता आलं असतं. ती समोर होती.

२६ मे, दुपार
काका आलेच नाहीत. बाकीचे तिघेही नाहीत. मी माझ्या खोलीचं दार लावून बसलोय.

फाटकात मावशीचा आवाज. कुणाला तरी सांगतेय — ह्याच खोलीत बसतात हो, चल, लाजतोस काय —

तिच्या चपला. आणि दुसरं, ओलं —

दाराखालून पाणी येतंय. हे पान तिच्यासाठी. तिला वाचता येत नाही, कुणीतरी वाचून दाखवा.

मावशी, मी खोटं बोललो. तो इटलीला गेला नव्हता. तो इथेच होता, सात महिने, तुझ्या रोट्यांच्या तव्यापासून शंभर पावलांवर. सगळ्यांना माहीत होतं. मलाही. बटण हाताखाली होतं, वेळ होता, आणि आम्ही ते —