भर दुपारी दिवे

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत. तुझ्या भावजयीचा खोकला थांबला, बोलणं मात्र थांबलेलं नाही.

आता मुद्द्याचं. तिकडचे पोस्टमास्तर परवा भेटले. म्हणाले, अप्पा भर उन्हात मोटारीचे दोन्ही दिवे लावून उतारू नेतात आणि स्टेशनवर सगळे हसतात. मला हसू आलं नाही. सत्तरी उलटलेल्या माणसाचं एकतर डोकं फिरलं असेल, नाहीतर डोळे गेले असतील. मोटारीत पाच माणसं असतात. कुणाचा जीव गेला तर?

पंधरा तारखेला मी येतो. मोटार विकू आणि अप्पांना इकडे आणू. त्यांना आताच काही बोलू नकोस. किल्ली तेवढी लपवून ठेव.

धाकट्यावर राग धरू नये, एवढंच मागणं.

तुझा,
भाऊ

७ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तू त्या मोटारीत वाढलास, पण पायाखालची फळी उचलून बॅटरी कधी पाहिली नाहीस, म्हणून दिव्यांना घाबरलास. अरे, आपल्या डायनॅमोला पुरे म्हणणं ठाऊक नाही. दिवसभर मोटार पळाली की बॅटरी भरते, तरी तो भरतच राहतो. मग आतलं ॲसिड खळखळतं, पाणी आटतं आणि पट्ट्या उघड्या पडतात. म्हणून लांबच्या खेपेला दिवे लावून जास्तीची वीज जाळायची. अप्पा पहिल्यापासून हेच करतात. आई विचारायची, सूर्याला वाट दाखवताय का?

रविवारची सकाळ आठवते? तू पतंग घेऊन पसार व्हायचास आणि मी फळी उचलायचे. काचेची नळी बॅटरीत बुडवून तिचा रबरी फुगा दाबून सोडायचा, ॲसिड वर चढलं की आतली तरंगती कांडी कुठल्या आकड्यावर थांबते ते वाचायचं. बाराशे ऐंशी म्हणजे पोट भरलेलं, साडेअकराशे म्हणजे उपाशी. नऊ वर्षांची होते मी. माझ्या एकूण एक झग्यांना ॲसिडची भोकं होती आणि मला त्यांचा कोण अभिमान! ते दिवस फार आठवतात रे.

इथेच पत्र संपवणार होते, पण मन खाऊ लागलं. गेल्या रविवारी अप्पांनी बॅटरीची तिन्ही घरं तपासली आणि तिन्ही वेळा बाराशे ऐंशी सांगितलं. मी मागेच उभी होते. मधल्या घराची कांडी पार तळाला बसली होती, म्हणजे ते साफ उपाशी. त्यांना आकडे दिसतच नाहीत. सवयीने बोलतात.

तेव्हा दिव्यांचं तुझं चुकलं, डोळ्यांचं बरोबर निघालं. ज्यांनी मला कांडी वाचायला शिकवली त्यांनाच हे सांगायला माझी जीभ रेटेना. पण उतारू उद्याही बसणार. तुझ्या पंधरा तारखेची वाट बघत बसणं बरं नाही, आणि किल्ली लपवणं तर मुळीच नाही. आज संध्याकाळी तोंडावर सांगते.

भावजयीला बोलू दे, घर जागतं राहतं. आहे तशी माया राहू दे.

तुझी,
ताई

१० मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर ताईचं आहे, शब्द माझे. तिने सांगितलं. मी चिडलो, ताटावरून उठलो, मग भूक लागली म्हणून परत बसलो.

आठ महिने झाले, आकडे दिसत नाहीत. रस्ता दिसतो की, असं मनाला समजावत होतो. पाच माणसं माझ्या भरवशावर बसायची, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो. किल्ली मी स्वतः काढून दिली. ताईला दिली. तेव्हा पंधराला खुशाल ये, पण गिऱ्हाईक आणू नकोस. तुझ्याकडे येईन, पाहुणा म्हणून आठ दिवस.

बॅटरीचं मधलं घर दुरुस्तीला दिलं होतं, ते काल आलं. आज सकाळी ताईने मोटार बाहेर काढली. मी शेजारी बसलो, पाय उगीचच ब्रेक शोधत होता. स्टेशनपर्यंत जाऊन आलो. वळणावर तिचा हात हलला नाही, गिअर एकदाही कुरकुरला नाही. कुठे शिकलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, तीस वर्षं शेजारी बसून.

तुला सोळाव्या वर्षी मी चाकामागे बसवलं. तुला त्याची गोडी नव्हती, तरी बसवलं. हिला मोटारीचा खिळा न् खिळा ठाऊक, पण हिच्याकडून नळ्या धुऊन घेतल्या. पुढचं लिहायला ती तयार नव्हती, मीच हट्टाने लिहायला लावतो आहे. तिने किल्ली मागितली असती तर मी नाही म्हटलं असतं. हे तिला माहीत होतं, म्हणून तिने कधी मागितलीच नाही.

मुलांना गोड पापा. म्हाताऱ्याला मनात थोडी जागा ठेव.

तुझे,
अप्पा