शिंपल्याची भोकं

रत्नागिरी, मंगळवार

अप्पा, तुम्हाला आणि अव्वाला शरणु शरणार्थी.

मी बरी हाय. मेसचं जेवण शाकाहारीच हाय, अव्वाला सांगा.

फोनवर तुम्ही "सगळं बरं हाय की" म्हणून ठेवता, म्हणून लिहिते. दिवाळीला मी घरी आणलेला भोकाभोकांचा शिंपला आठवतोय? ती भोकं स्पंज नावाच्या एका पिवळ्या समुद्री जिवानं पोखरल्यात. तो आतच राहतो. त्याच्या अंगातल्या काचेसारख्या सुया मी मोजल्या, त्या कुठल्याच माहितीतल्या जातीशी जुळत न्हाईत. नवी जात असंल, अप्पा! पण सुया बघायच्या घाईत मी त्याच शिंपल्याचा माझ्याकडचा सगळा तुकडा ॲसिडात टाकला. सुया उरल्या, स्पंज न्हाय. कॉलेजातले सर नमुना मागाय लागल्यात. आता तुमच्याकडचा शिंपला तेवढाच उरलाय.

तीस वर्षं फाउंड्रीत काढलीसा. कास्टिंगला भोक दिसलं की लांबीची पुट्टी भरून, घासून मोकळं व्हायची तुमची सवय. शिंपल्याला तसलं काय करू नगासा. कापसात गुंडाळून शेजारच्या रुद्रेशदादाकडं द्या, तो शनिवारी एसटीनं इकडं येतोय.

भोकं बुजवली असलासा तर खरं सांगा. अव्वाच्या छातीतली गाठ तीन महिने माझ्यापासनं झाकून ठेवलीसा, तसं करू नगासा. शिंपल्याबरोबर तिचा रिपोर्टबी पाठवा.

तुमची लेक,
पवित्रा