उरलेल्या गोळ्या

५ जून
आलो एकदाचे! खोली काडेपेटीएवढी, पण शिवणखान्याच्या डोक्यावरच. जिना उतरला की कामावर. मी सामान लावेपर्यंत छकुलीने बोळातल्या सगळ्यांशी गट्टी जमवली. बापासारखीच बोलघेवडी. तो गेल्यापासून आम्ही दोघीच. इथे बस्तान बसलं की देव पावला.

९ जून
खाली मशिनी इतक्या खेटून की शेजारणीचं कोपर माझ्या बरगडीत. खिडक्या खिळे ठोकून बंद. वाऱ्याने तलम कापड उडतं, टाके चुकतात, असं मुकादम म्हणतो. माझ्या शेजारी काजं करणारी मावशी. छकुली दिवसभर तिच्या पायाशी चिंध्यांच्या बाहुल्या करते. मावशीला खोकला आहे, पण माया दांडगी.

२० जून
मलाही खोकला धरला. मावशीने फळीवरून बिस्किटांचा डबा काढला. आत क्षयाच्या गोळ्या! बरं वाटलं की इथे औषध थांबवतात आणि उरलेल्या गोळ्या डब्यात टाकतात, पुढच्याच्या उपयोगी पडाव्या म्हणून. दवाखान्यात गेलं तर दिवस बुडतो, मुकादमाला कळलं तर कामही जातं. लघवी लाल झाली की औषध लागू पडलं समज, असं मावशी डोळा मिचकावून म्हणाली. हसून हसून ठसका लागला. किती जीव लावतात ही माणसं!

११ जुलै
ठणठणीत झाले. उरलेल्या गोळ्या डब्यात टाकल्या. मावशीने पाठ थोपटली.

६ ऑक्टोबर
खोकला परत आला. या वेळी डब्यातल्या गोळ्यांनी काही फरक नाही. खालचा इस्त्रीवालाही त्याच गोळ्या खातो, त्यालाही नाही. रुमालाला रक्त. आणि मावशी— काल मशिनीवरच मान टाकली. तिच्या जागी आज नवी बाई. तीही खोकते.

१९ ऑक्टोबर
छकुली खोकते. हुबेहूब माझ्यासारखी. मला भीती वाटते.

नोव्हेंबर. तारीख बघवत नाही.
शेवटी छकुलीला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी आधीची औषधं विचारली. डब्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, गोळ्या अर्ध्यावर सोडून सोडून तुमच्यातला आजार मेला नाही, त्या गोळ्यांना निर्ढावला. तोच पोरीच्या छातीत गेलाय. तिने तर एकही गोळी खाल्ली नव्हती. दुसरं औषध आहे. सुरू केलंय. पण फार उशीर— माझ्याच लेकीला मीच—

भिंतीपलीकडे खोकला. खाली खोकला. जिन्यात—
सगळे येतात. छकुलीसाठी आपापल्या उरलेल्या गोळ्या घेऊन. मी ओरडते, नका, नका! ऐकत नाहीत. डोळे पुसत उंबऱ्यावर ठेवून जातात.

खोकला थांबला. छकुलीचा. कपाळही गार लागतंय, म्हणजे ताप उतरला. उतरलाच असणार. हाक मारते. एकदा ओ दिली की मग निजू दे खुशाल. छकुले— अगं—