नीळकंठचा रेडिओ

९ जून १९८०, सोमवार

यादी लागली. इराकच्या साइटसाठी कारखान्यातल्या आमच्या शॉपमधून एकच नाव — नीळकंठ वझलवार! माझं नाही.

साहेबांनी मागच्या महिन्यात स्वतः विचारलं होतं, "पासपोर्ट है ना?" मी दुसऱ्याच दिवशी फोटो काढून आलो. आता म्हणतात, "अगली बार देखेंगे." नीळकंठहून मी दोन वर्षांनी सीनियर. टर्बाइनचं बेअरिंग कसं बसवायचं ते त्याला मी शिकवलं! विमलने तर नागपूरला माहेरी कळवूनही टाकलं होतं.

तो पेढे घेऊन आला होता. शेजारचंच क्वार्टर, टाळणार कसं? खाल्ला. चांगला होता, तेही नडलं.

१२ जून

जळतो आहे मी. लिहून टाकलं. तरी बरं वाटलं नाही.

१५ जून, रविवार

सकाळी नीळकंठ दारात. "सदाभाऊ, रेडिओ घ्यायचाय. परदेशी स्टेशनं धरणारा. मी तिकडे, शालिनी इकडे एकटी, पत्राला वीस-वीस दिवस. काही झालं तर तिला बातमी तरी कळेल. तुमच्याशिवाय कोणाला विचारू?"

खरंच आहे. पिपलानीत, आमच्या अख्ख्या कॉलनीत, शॉर्टवेव्हवरून कोणाचंही अडलं की माझ्याकडे येतात. कोणता सेट घ्यावा, गच्चीवर एरियलची तार कशी ताणावी — सगळं मीच सांगतो. एवढ्या एका गोष्टीत तरी मला कोणी मागे टाकलेलं नाही. अजून तरी!

पुढच्या रविवारी जाऊ म्हणालो.

२२ जून, रविवार

न्यू मार्केटला गेलो दोघं. दुकानदाराने दोन सेट पुढे ठेवले. एक टू-इन-वन — चकचकीत, कॅसेट, दोन स्पीकर, लाल-हिरवे दिवे. पण शॉर्टवेव्हची अख्खी पट्टी बोटभर जागेत कोंबलेली. काटा केसभर हलला की तीन स्टेशनं ओलांडतो. दुसरा काळा, ओबडधोबड ठोकळा. चार बँड, लांबलचक डायल, बारीक जुळवायला वेगळं बटण, मागे एरियलची तार जोडायला जागा. तसा तो एकच शिल्लक होता.

शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्याने हा काळा सोडून दुसरीकडे बघायचंच कारण नाही. मी म्हणालो, "टू-इन-वन घे." माझा आवाज जराही हलला नाही!

"नक्की ना, सदाभाऊ?"

"अरे, वहिनींना गाणीही ऐकता येतील."

लगेच मानलं. दुकानदाराला म्हणाला, "यही पॅक कर दो."

घरी येईपर्यंत मजा वाटत होती. जेवताना नाही वाटली.

२४ जून

काळा सेट मी आणला. विमल म्हणाली, "घरात एक चांगला चालू असताना?" मी एरियलची तार त्याला जोडत बसलो.

६ जुलै

नीळकंठ गेला. स्टेशनवर अर्धी कॉलनी लोटली होती. हार! मीही घातला.

३१ ऑगस्ट

त्याचं पत्र आलं वहिनींना. विमल ऐकून आली आणि मला जेवता जेवता सगळं ऐकवलं — राहायला एसीची खोली, आठवड्यातून दोनदा कोंबडी, शुक्रवारी सुट्टी. भाजी अळणी होती, मी त्यावरून उगीच चिडलो.

नंतर वहिनी अंगणात भेटल्या. "भाऊजी, रेडिओवर नुसती खरखर येते हो. मलाच जमत नसेल."

"सवय व्हावी लागते," म्हणालो. किती नीच आहे मी!

२३ सप्टेंबर, मंगळवार

लढाई पेटली. इराक आणि इराण. विमानं, बाँब. बसऱ्याचं नाव दोनदा ऐकलं — नीळकंठची साइट तिथून लांब नाही. ऑफिसात कोणाला काही पत्ता नाही.

संध्याकाळी वहिनी आल्या. "तुमच्या रेडिओवर लागतं का हो बाहेरचं?" काळ्या सेटवर लंडन पहिल्याच झटक्यात लागलं. स्वच्छ! तीन महिने याच गोष्टीचा मला केवढा गर्व! त्या पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

२७ सप्टेंबर

रोज संध्याकाळी येतात. इंग्रजी भराभर बोलतात म्हणून मी मराठीत सांगतो. वाईट ते गाळतो.

आज मनात आलं, बरं झालं माझं नाव नव्हतं. लगेच स्वतःची शिसारी आली. आणि वहिनी गेल्यावर दुसरंच — मी तिकडे असतो तर विमल अशी बसली असती का माझ्यासाठी? म्हणजे याचाही हेवा! तो तिथे बाँबखाली, आणि मी इथे हे मोजतोय.

४ ऑक्टोबर

ऑफिसात तार आली. साइटवरचे सगळे सुखरूप, बसने सरहद्द ओलांडून कुवेतला पोचले. वहिनी रडल्या, विमल रडली. मी बाहेर जाऊन सायकल पुसत बसलो.

५ ऑक्टोबर

काळा सेट उचलून वहिनींकडे घेऊन गेलो. म्हणालो, हा तुम्ही ठेवा, टू-इन-वन मी चुकून सांगितला. चुकून! तेवढं खोटं सुटलंच तोंडातून.

वहिनी हसल्या. "चुकून कसलं, भाऊजी? हे दुकानातून घरी आल्या आल्याच म्हणाले होते — काळाच चांगला आहे, पण सदाभाऊंच्या मनात तो स्वतःसाठी भरलाय. त्यांची जागा मला मिळाली, रेडिओ तरी त्यांना मिळू दे."

सेट घेतला नाही त्यांनी. परत घेऊन आलो.

त्या दिवशी मला तो सेट नकोच होता. नीळकंठला चांगला मिळू नये, एवढंच हवं होतं.