पपईचा पाला

सोम., ३ मार्च
परळचं हॉस्पिटल. ह्यांना नव्या औषधाच्या अभ्यासात घेतलं. रक्ताच्या कॅन्सरवरची बाकीची औषधं करून झाली. डॉ. बाईंनी समजावलं: एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात, म्हणून पेशी कधीतरी म्हातारी होऊन मरते. कॅन्सरच्या पेशीत एक एन्झाइम ती टोकं सारखी नीट करत बसतं. हे औषध त्यालाच थांबवतं. मी जन्मभर साड्यांना फॉल-पिको केलेली, मला लगेच कळलं. हे म्हणाले, "म्हणजे रोगाकडेपण तुझ्यासारखी एक बाई आहे." हसू आलं नाही. पहिली सलाइन लागली.

सोम., ३१ मार्च
प्लेटलेट्स घसरल्या. डोस पुढे ढकलला. डॉ. बाई म्हणाल्या, "आपोआप वाढतात का बघू. मध्ये काही घ्यायचं नाही. काढा नाही, पाला नाही." घरी येऊन वन्संनाही बजावलं. पाय सुजलेत माझे. करी रोडच्या दुकानाच्या साड्या तशाच पडून.

सोम., ७ एप्रिल
वाढल्या! डॉ. बाई खूश, "शरीर साथ देतंय." गुरुवारी डोस. पेढे घेऊन आले, तर मिक्सरचं भांडं हिरवं. वन्सं शिवडीहून पपईचा पाला आणून ह्यांना रस देत होत्या. मी साड्या पोचवायला गेले की.
"अगो, डेंग्यूत सगळेच पितत. पाल्याक औषध कोण म्हणता?"
दोघांचा राग आला. वन्संचा कमी. गुडघे धरून भावासाठी पाला तोडत फिरतात. पेढे तसेच राहिले.

बुध., ९ एप्रिल
हे: "सांगितलंस तर काढतील मला."
मी: "नाही सांगितलं तर त्यांना वाटेल औषध सोसतंय. डोसने प्लेटलेट्स पुन्हा घसरून रक्त वाहायला लागलं म्हणजे?"
ह्यांनी मशीनच्या सुईत दोरा ओवून ठेवला माझ्यासाठी. चष्म्याशिवाय. रडूच आलं, पण साडी आजच द्यायची होती...

गुरु., १० एप्रिल
परळ. बाकावर लिहितेय. डोसच्या आधी सिस्टर विचारतेच, मध्ये दुसरं काही घेतलं का. ह्यांनी ठेवणीतला शर्ट घातलाय. "रस आजपासून बंद. मग सांगायचं काय त्यात?" असं टॅक्सीत दोनदा म्हणाले. थकले मी. मला हे हवेत, बस. औषधाने राहोत नाहीतर पाल्याने.

नाव पुकारलं. हे म्हणतात, "तू बस इथेच. मी जातो एकटा."
मीपण उठतेय.